बारवेची उत्तरेकडची भिंत

अण्णा, तुमच्या नातीविरुद्ध रीतसर तक्रार आहे. तिनं माझी तपकिरीची डबी जप्त केली. तीत आता बारवेचं शेवाळ मुक्कामाला आहे आणि मी, व्याकरण घोकून म्हातारा होत आलेला तुमचा मुलगा, पुडीतून तपकीर ओढतो. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी ती जन्मली. आता पुण्याला वनस्पतींचं शिकते.

यंदाच्या दुष्काळात बारवेत हातभर पाणी उरलंय. गावानं ठरवलं, गाळ उपसायचा, भिंती खरवडायच्या, कोनाड्यांतली वटवाघळं मिरच्यांच्या धुरानं हाकलायची. उत्तरेकडची ती शेवाळानं मखमली झालेली भिंत तुम्हाला आठवत असेल. लहानपणी तिच्यावर मी नखानं माझं नाव कोरलं होतं. "ती तुझी पाटी नव्हे," एवढंच म्हणालात आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत.

सुट्टीला आलेली पोरगी पारावरच्या बैठकीत उभी राहते. सांगते, या जातीची वटवाघळं आणि हे शेवाळ, दोन्ही या भागात आता क्वचितच उरलीत. सरपंच म्हणतात, "पोरी, एक काय ते माग. दोन्ही न्हाई जमायचं." मी मनातल्या मनात तिच्यासाठी शेवाळ मागून टाकलं, तिचा विषयच तो. ती म्हणाली, "मग वटवाघळं राहू द्या. त्यांना वर्षाला एकच पिल्लू, आणि आत्ता ती पिल्लं पोटाशी घेऊन लटकलीत. धूर केलात तर परत यायची नाहीत. शेवाळाचा हातभर तुकडा ठेवा. ते वाळून मेल्यासारखं पडतं, पण पाणी मिळालं की उठतं."

"आमच्यावानीच हाय म्हना की ते," खडी फोडायच्या कामावरून आलेली एक म्हातारी म्हणाली. बैठक हसली. धूर टळला. पुढं भिंत खरवडताना त्याच म्हातारीनं एक तुकडा राखला.

अण्णा, दम्यामुळे मला छाती फुगवणं जमत नाही. त्या दिवशी जमलं. स्वतःच्या विषयाविरुद्ध बोलायला तिला मी शिकवलेलं नाही. तुमच्याकडूनच आलं असावं.

जाताना तिनं बजावलं, रोज सकाळी तांब्याभर पाणी शिंपडायचं आणि हिरवं झालं की कळवायचं. वटवाघळं मजेत आहेत. तुकडा मात्र पंधरा दिवस भिजवूनही तपकिरीच आहे. तिला लिहायला कागद घेतला होता, त्यावर हे तुम्हाला लिहीत बसलो. पोरगी चुकली असेल अशी मला भीती वाटते, आणि तिला तसं कळवायचा धीर होत नाही.