दोन जोतीराम

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

प्रिय अमर,

एकेचाळीस वर्षांनी तुला 'प्रिय' लिहिते आहे. मधल्या काळात तुला दोनच पत्रं लिहिली. एक तुझ्या लग्नाच्या शुभेच्छांचं आणि दुसरं तुझ्या वर्षाराणी गेल्या तेव्हाचं. दोन्हींवर 'श्री. अमरसिंह पाटील यांस' असं होतं. आज तसं लिहवेना. फोनही करणार होते, पण मी मध्येच हसत सुटले असते आणि तुला काही कळलं नसतं.

झालं असं की माझ्या भावाच्या मुलाला, विजयसिंहला, कसल्याशा दाखल्यासाठी घराण्यातली जुनी नोंद हवी होती. त्याला सुट्टी मिळेना, म्हणून काम निवृत्त आत्याच्या गळ्यात पडलं. पन्हाळ्याच्या कचेरीत आमच्या गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या आहेत, सगळ्या मोडीत. मला मोडी कुठली येते? पण माझी जुनी विद्यार्थिनी मुबशिरा हल्ली लोकांना मोडी वाचून देते. तिला सोबत घेतलं, वाटेत खायला भडंग घेतला आणि गेलो. शोधायचे होते माझे पणजोबा, जोतीराम पाटील. होय, तेच.

ती सकाळ तूही विसरला नसशील. तुझे वडील आपलं लग्न ठरवायला पेढे घेऊन आमच्या सोप्यात बसले होते. माझे वडील नव्हते, म्हणून थोरले चुलते हंबीररावआबा बोलत होते. गप्पांच्या ओघात तुझे वडील म्हणाले, आमचे आजोबा जोतीराम मूळ तुमच्याच गावचे, तिथून बिद्रीकडं आले. आबांनी हातातली कपबशी खाली ठेवली. त्यांचेही आजोबा जोतीराम, आणि ते गाव सोडून गेले एवढंच आबांनी लहानपणी ऐकलेलं. दोन्ही जोतीराम एकच, त्यांनी बिद्रीकडं दुसरा संसार मांडला, असा निकाल चहा निवायच्या आत लागला. म्हणजे आपण भावकीतले, बहीणभाऊ. वर श्रावणात तुला राखी पाठवायची, असंही आबांनी बजावलं. घरात मी पाठवली म्हणून सांगितलं. ती पाठवली नव्हती, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

कचेरीत दोन दिवस धूळ खाल्ली. तिसऱ्या दिवशी मुबशिराला नोंद सापडली. जोतीराम पाटील, प्लेगात मयत, सन १९०२. गावाबाहेर माळावरच्या झोपडीत. आमचे पणजोबा गाव सोडून गेले होते ते एवढंच, शिवारापर्यंत. मी डोळे पुसत होते, तोवर तिनं दुसरं पान काढलं. जोतीराम पाटील यांस पुत्र झाला, नाव दौलती, सन १९०७. दौलती म्हणजे तुझे आजोबा. मुबशिरा माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, मेलेल्या माणसाला पाच वर्षांनी पोरगं कसं हुईल?"

मग आम्ही दोघी पेटलोच. पुन्हा पहिल्या पानापासून, प्रत्येक जोतीरामच्या बापाचं नाव बघत गेलो. आमचे निघाले जोतीराम बिन रंगोजी, मूळ आडनाव चव्हाण. तुमचे जोतीराम बिन सुभाना, मूळ आडनाव खाडे. कुळ वेगळं, घर वेगळं, वाडीसुद्धा वेगळी. पाटील तेवढे दोघं. अमर, मी त्या कचेरीत इतकी हसले की कारकुनानं पाणी आणून दिलं.

मी लग्न केलं नाही ते तुझ्यासाठी झुरत बसले म्हणून, असं समजू नकोस. शाळा होती, पोरं होती, मी मजेत जगले. तुझा संसारही चांगला झाला आणि वर्षाराणी मला मनापासून आवडायच्या. त्यातलं काही पुसायचं नाही.

आबा आता चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत. कान शाबूत आहेत. त्यांना नोंदी वाचून दाखवल्या. पुन्हा वाच म्हणाले, पुन्हा वाचल्या. माझा हात धरला. मग म्हणाले, "चुकलं माझं, पोरी. पेटीतला फेटा काढ माझा, मीच जातो त्याच्याकडं."

मी त्यांना थांबवलं. तेव्हा सगळं मोठ्यांनी विचारलं आणि मोठ्यांनीच मोडलं. ह्या खेपेला विचारायचं ते माझं मी विचारणार, म्हणून हे पत्र. अमर, तू माझा भाऊ नाहीस. माझ्याशी लग्न करशील का? मी त्रेसष्ट वर्षांची आहे, गुडघा कुरकुरतो आणि घरातही वर्गात असल्यासारखी मोठ्यानं बोलते. तुझ्या लेकीला, क्रांतीला, आधी विचार. तिला नको वाटलं तर मी रागावणार नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी मी नृसिंहवाडीला घाटाच्या पायऱ्यांवर असेन. हो म्हणायचं असेल तर ये, बासुंदी खाऊ. नाही म्हणायचं असेल तरी ये. पण ते तुझ्या तोंडून ऐकू दे, मध्ये कुणी नको.

तुझीच (हे लिहायला आता कुणाची हरकत नाही),
संयोगिता