थोडंसंच दुखतं

प्रिय काएदे,

काल फोनवर म्हणालीस, "सकाळी बोटं जराशी आखडतात, बाकी काही नाही." बरं, तूर्त मान्य करते. लहानपणी तू शेजारणींना सांगत फिरायचीस, "आईला पोटच्या पोरीपेक्षा संधिवाताचे पेशंट प्यारे!" आज त्या पेशंटांचीच एक गोष्ट ऐक.

आमच्या इस्पितळात संधिवाताची नोंदणी सुरू झाली तेव्हा कुरामोची डॉक्टरांचा बेत साधा होता. संधिवाताच्या प्रत्येक रुग्णाची वर्षानुवर्षं खबर ठेवायची, म्हणजे कोणतं औषध कुणाला, कधी लागू पडतं ते कळेल. दर वसंतात आणि शरदात रुग्ण डॉक्टरांसमोर बसून किती दुखतं ते लिहायचे. बघता बघता सगळ्यांचं दुखणं उतरलं. डॉक्टरांचे पाय जमिनीवर ठरेनात, आम्हा नर्सनाही त्यांनी तांदळाच्या गोड मोची खाऊ घातल्या. त्याच दुपारी आमच्या एक जुन्या पेशंट, त्सुरुको आजी, 'थोडंसंच दुखतं' असं लिहून बाहेर आल्या आणि चहाच्या बाटलीचं झाकण उघडून दे म्हणाल्या. बोटं वळतच नव्हती. मी चिडलेच. तर म्हणतात कशा, "अगं, डॉक्टर बिचारे एवढे राबतात. त्यांच्या तोंडावर दुखतंय कसं म्हणू? हिरमुसतील ना!" बाकीच्यांना खोदून विचारलं, तर निम्मे तसेच निघाले. तो औषधाचा गुण नव्हताच. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती सगळ्या कामाच्या मुळावर उठली होती.

मग आम्ही रीत बदलली. प्रश्न टपालाने घरी जाऊ लागले आणि उत्तरं बंद पाकिटातून आमच्याकडे येऊ लागली. कुणी काय लिहिलं ते डॉक्टरांना कळायचं नाही. शिवाय विचारलं, उमेबोशीच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडतं का? फडकं पिळता येतं का? पहिली पाकिटं फोडली, तर सगळ्यांचं दुखणं पुन्हा चढलेलं! पण हळूहळू खरं चित्र दिसलं. ज्यांचे उपचार दुखणं लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाले, त्यातली बहुतेक माणसं आजही फडकं घट्ट पिळतात. त्सुरुको आजींची बोटं आता सरळ व्हायची नाहीत, तरी त्यांचं पाकीट कधी चुकत नाही. "माझं व्हायचं ते झालं," म्हणतात, "पुढच्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

नववर्षाला आलीस तेव्हा कोतात्सूच्या उबदार पांघरुणात पाय घालून तू मला संत्रं सोलून मागितलंस. मी म्हटलं, एवढी घोडी झाली तरी लाड हवेत! हसत हसत सोललं आणि माझ्या काही लक्षात आलं नाही. काल तुझं 'बाकी काही नाही' ऐकलं, ते थेट त्सुरुको आजींच्या सुरात. बाळ, मी घाबरले आहे, पण खचलेली नाही. मंगळवारी ये. कुरामोची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. संधिवात नसला, तर संत्री खाऊन परत जा. असला, तर त्सुरुको आजी इतकी वर्षं कुणासाठी लिहीत होत्या ते मला कळेल. फक्त डॉक्टरांची भीड धरू नकोस, माझी तर मुळीच नको. दुखत असेल तर दुखतंय म्हण.

तुझीच, संत्री सोलून ठेवणारी,
आई