पाठव, म्हटलं मी त्याला

वासणा, बडोदे
१२ जानेवारी २०२५

ती. वसुंधराआत्यास ईशानीचा नमस्कार.

तू, काका आणि मनालीताई मजेत असाल. काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि मनालीताईच्या लग्नाचा हॉल ठरला, हे आईकडून कळलं. इथं उत्तरायणाची गडबड आहे. सोसायटीच्या नाक्यावर मांजा रंगवणारे बसलेत, सगळा रस्ता गुलाबी झालाय. आई उंधियूची भाजी आणायला खंडेराव मार्केटला गेलीय. माझी बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीअखेर आहे. अकाउंट्स बरं चाललंय, स्टॅट्सचं विचारू नकोस.

पत्र बघून तुला नवल वाटेल. माझा फोन पोलिसांकडे जमा आहे. आणि आईच्या फोनवर हे सगळं टाईप करायचं नव्हतं मला.

तू बाबांना सांगितलंस की तक्रार मागे घ्या, ईशूला पुण्याला पाठवा, चार महिन्यांत सगळे विसरतील. आत्या, मी येत नाहीये. तक्रारही मागे घेणार नाही. एवढंच कळवायचं असतं तर एक फोन पुरला असता. पण तुला पूर्ण गोष्ट कोणीच सांगितलेली नाही, आणि तूही विचारली नाहीस. म्हणून लिहिते.

तो माझ्या चित्रांमुळे आला. मी माणसांचे हात काढते ना, शेव-उसळवाल्याचे, कमाटीबागेत फुगे विकणाऱ्या बाईंचे, तुझेसुद्धा काढले होते गणपतीत मोदक वळताना. ती चित्रं मी इन्स्टाग्रामवर टाकायचे. त्यानं लिहिलं, ‘अंगठ्याची सावली चुकलीय, बाकी कमाल.’ खरंच चुकली होती. रेयांश नाव, एकोणीस वर्षांचा, अहमदाबादला आर्किटेक्चर शिकतो म्हणाला. घरी मी फाइन आर्ट्सचं नाव काढलं की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. हा तासन् तास त्याबद्दलच बोलायचा. कुठला कागद घे, पोर्टफोलिओत काय ठेव. कॅमेरा कधी चालू केला नाही, बिघडलाय म्हणायचा. मी विश्वास ठेवला. तू म्हणशील बावळट. म्हण. माझं बोलणं कोणीतरी मन लावून ऐकत होतं, ते मला आवडलं, यात मला लाज वाटत नाही.

मग हळूहळू त्याला माझी माणसं खुपायला लागली. अवंती म्हणजे माझी पहिलीपासूनची मैत्रीण, ती तुझ्यावर जळते म्हणाला. नवरात्रात गरब्याला जाऊ नको म्हणाला, तिथली मुलं तुझ्याकडे बघतात ते मला सहन होत नाही. बडोद्यात राहून मी यंदा गरब्याला गेले नाही, आत्या! आईनं शिवलेली चनिया-चोळी कपाटात तशीच राहिली. डोकं दुखतंय सांगून घरात बसले आणि खिडकीतून ढोल ऐकला. तेव्हाच कोणाला तरी कळायला हवं होतं.

दिवाळीनंतर त्यानं फोटो मागितला. मी नाही म्हटलं तर आठवडाभर बोलला नाही. मग मी पाठवला. कसला, ते मी लिहीत नाही. तू पाहिलायस.

तिथून त्याची भाषाच बदलली. वाघोडिया रोडवरच्या एका हॉटेलचं नाव दिलं. तिथं ये, नाहीतर हा फोटो या सगळ्यांना जाईल, म्हणून माझ्या ओळखीच्या माणसांच्या नावांचा स्क्रीनशॉट पाठवला. मी घरी सांगितलं क्लासला चाललेय आणि रिक्षात बसले. हो, मी जायला निघाले होते. हे आईलाही सांगणं जड गेलं होतं मला.

रिक्षावाले काका वयस्कर होते. त्यांनी सहज विचारलं, ‘दीकरी, त्यां कोण रहे छे?’ तिथं कोण राहतं? मी ज्याच्याकडे निघाले होते त्याचा आवाज मला माहीत होता, आणि दुसरं काही म्हणजे काहीच नाही. मी म्हटलं, इथंच थांबवा. उतरले, एका मेडिकलच्या पायरीवर बसले आणि अवंतीला फोन लावला. नवरात्रापासून मी तिच्याशी धड बोलले नव्हते. तिनं फक्त ‘कुठं आहेस?’ विचारलं आणि स्कूटी घेऊन आली. सगळं ऐकून म्हणाली, ‘रडणं घरी जाऊन कर. आधी काकूंना सांगू.’

निघायच्या आधी मी त्याला लिहिलं, ‘मी येत नाही. पाठव कोणाला पाठवायचं ते.’ त्या महिन्याभरात पहिल्यांदा मला श्वास पुरला.

आईनं ऐकलं, गॅस बंद केला, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं आता मारेल. ती म्हणाली, ‘तू सकाळपासून काही खाल्लंस का?’ मग साडी बदलून आली आणि म्हणाली, ‘चल, पोलिसांत.’ शाळेत असताना गॅदरिंगला स्टेजवर जायलाही जी घाबरायची, ती माझी आई, आत्या. सायबर सेलमध्ये परमारबेन म्हणून आहेत, त्यांनी सगळं लिहून घेतलं. त्या मला म्हणाल्या, ‘बेटा, तें कंई खोटुं नथी कर्युं.’ तू काही चुकीचं केलं नाहीस. घरच्या कोणी हे वाक्य म्हणायच्या आधी ते एका अनोळखी बाईंनी म्हटलं.

आता पुढचं. हे लिहायला मी चार पानं लावली.

त्यानं धमकी खरी केली, पण फोटो एकाच माणसाला पाठवला. तुला. माझ्या प्रत्येक चित्राखाली तू लिहायचीस ‘माझी लाडकी भाची’. माझं कोणावर प्रेम आहे ते त्याला त्यावरूनच कळलं. तुला धक्का बसला असेल. तू आईला फोन करू शकली असतीस. मला करू शकली असतीस. तू तो फोटो बाबांना पाठवलास. वर लिहिलंस, ‘बघ तुझ्या लेकीचे प्रताप.’

बाबांच्या रिफायनरीत फोन आत नेता येत नाही, गेटवर ठेवावा लागतो. सुटल्यावर बाबांनी तो घेतला आणि कोयलीहून परतताना कंपनीच्या बसमध्ये, आजूबाजूला त्यांची माणसं बसलेली असताना, उघडला. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे पाहिलेलं नाही. मी समोर आले की ते पेपर उचलतात. ताट मी वाढलं तर जेवतात, पण नजर वर करत नाहीत. त्या माणसानं माझं जे केलं त्यातून मी बाहेर येतेय. हे मात्र त्यानं केलेलं नाही, आत्या. त्यानं एकाला पाठवला. दुसऱ्याला तू पाठवलास.

उत्तरायणानंतर माझा पुढचा जबाब आहे. फोटो बाबांकडे कसा आला, हे परमारबेन विचारणार. मी खोटं बोलणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीचा फोटो पुढे पाठवणं हाही गुन्हा आहे, असं त्यांनी मला समजावलंय. तुला घाबरवायला लिहीत नाही. कोणी घाबरवलं की काय वाटतं ते मला चांगलं माहीत आहे. पण तपासासाठी तुझा फोन हवाय, त्यावर त्याचा नंबर आहे. इन्स्टाग्रामचं खातं त्यानं पुसून टाकलंय, त्याचा दुसरा माग नाही. तू स्वतः आलीस तर बरं. नाही आलीस तरी मी तुझं नाव सांगणार.

मनालीताईचं लग्न मोडेल असं तू बाबांना म्हणालीस. माझ्यामुळे मोडणारं असेल तर ताईलाच विचार, असल्या घरात जायचंय का तिला.

माझं नाव कुठं छापायचं नाही, असा कायदा आहे. तो माझ्या सोयीसाठी आहे. मी तोंड लपवावं म्हणून नाही.

काकांना नमस्कार.

तुझी भाची, तुला आवडो न आवडो,
ईशानी


वासणा, बडोदे
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास नमस्कार.

सुखरूप पोचल्याचं आईला कळवलंस, बरं झालं. गाडीत तुला बसायला खालची सीट मिळाली का? काका अजून तुझ्याशी बोलत नाहीत हे ऐकलं. ‘पोलिसात जाशील तर परत येऊ नकोस’ असं त्यांनी म्हटलं होतं, ते ऐकूनही तू आलीस. हे मी लक्षात ठेवलंय.

तू गेल्यावर जे झालं ते लिहिते. त्याला पकडलं. नाव रेयांश नाही, अहमदाबादचा नाही, आर्किटेक्चरचा तर मुळीच नाही. अडतीस वर्षांचा, वाघोडियाच्या एका कारखान्यात सुपरवायझर. चित्रांबद्दल जे सांगायचा ते नेटवरून उचललेलं होतं. तुझ्या फोनमधल्या नंबरावरून त्यांना सिम मिळालं आणि सिमवरून तो. त्याच्याकडे आणखी मुलींचे फोटो सापडले. एक आणंदची आहे, पंधरा वर्षांची. तिनं जबाब द्यायला तिचे आईवडील आधी तयार नव्हते. परमारबेननी मला विचारलं, तिच्याशी बोलशील का? मी आणि आई गेलो. ती अर्धा तास ओढणीच्या टोकाला गाठी मारत बसली होती. मग मला म्हणाली, ‘तुं त्यां गई हती?’ तू तिथं गेली होतीस? मी म्हटलं, अर्ध्या रस्त्यापर्यंत. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. ती गेली होती, आत्या. शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिनं जबाब दिला.

मी पुण्याला येऊन चार महिने गप्प बसले असते, तर हिच्याजवळ कोण बसलं असतं?

आता बाबांचं. तुझा जबाब चालू असताना तू आत होतीस, म्हणून तुला माहीत नाही. बाहेर बाकावर आम्ही दोघंच होतो. एका हवालदारानं जाता जाता त्यांना म्हटलं, ‘साहेब, आजकाल छोकरीओने मोबाईल ज ना अपाय.’ मुलींना मोबाईलच देऊ नये. बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं आता मान डोलावतील. ते म्हणाले, ‘मोबाईल त्यानेही वापरला. त्याला कोणी दिला, ते विचारा.’ हे मराठीतच म्हणाले, रागात त्यांना गुजराती सुचत नाही. त्या बिचाऱ्याला काही कळलं नसेल. मग खाली बसले, आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, ‘ईशू, मला तुझ्याकडे बघायचं धैर्य होत नव्हतं गं. राग नव्हता तो.’ मी म्हटलं, ‘मला कसं कळणार, बाबा?’ घरी येताना तू रिक्षानं पुढे गेलीस, आम्ही दोघं चालत आलो.

फाइन आर्ट्सचा फॉर्म मी भरणार आहे. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला नाही, पण हो सुद्धा म्हटलेलं नाही. भांडण होणार. होऊ दे.

मनालीताईचा फोन आला होता. तिनं होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलंय, म्हणे. लग्नाला मी येणार आहे. मला मागच्या खोलीत आजारी माणसासारखं बसवू नका, आणि कोणी काही विचारलं तर घाईघाईनं विषय बदलू नका. उत्तर मी देईन.

स्टेशनवर गाडी हलताना तू खिडकीतून विचारलंस, ‘माफ केलंस ना?’ मी हात हलवला, त्याचा तू हो असा अर्थ घेतला असशील. तो हो नव्हता. अजून नाही केलं. केलं, की मी स्वतः सांगेन, तुला विचारावं लागणार नाही. खोटं लिहून तुझी समजूत घालणं मला जमणार नाही. गोड बोलून फसवणं कसं असतं ते बघून झालंय माझं.

तोवर नमस्कार आहेच.

ईशानी सदानंद कर्णिक