भाचीचं भाषण आणि गाडीतला अँप्लिफायर

आदरणीय भावोजी,

नमस्कार. आपण आणि ताई नव्या घरात रुळला असाल आणि तिथला जिना आपल्या गुडघ्यांना मानवू लागला असेल अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल. बाबांची भूक उत्तम, झोप उत्तम, कान पूर्वीसारखेच, म्हणजे नसल्यात जमा. बदलीच्या वेळी आपण माझ्या हवाली केलेली गाडी सुखरूप आहे. तिच्यात थोडी भर पडली आहे, त्याचीच ही हकीकत.

भाची रेडिओवर दातांच्या निगेविषयी बोलणार, हे ताईने कळवल्यापासून बाबांनी घर डोक्यावर घेतलं. नातीचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायचा, दुसऱ्याने सांगितलेलं चालणार नाही. (बाबांच्या तोंडात एकही दात नाही, हा मुद्दा माझ्या बायकोने काढून पाहिला, पुढे तिलाच बरंच ऐकून घ्यावं लागलं.) कानात यंत्र घालायला ते तयार नाहीत, आणि घरातला रेडिओ त्यांना ऐकू जाईल इतका मोठा केला की वरच्या मजल्यावरच्या बाई जमीन ठोकतात. तेव्हा मी ठरवलं, आपल्या गाडीच्या रेडिओला अँप्लिफायर जोडायचा. काचा वर केल्या की आपला आवाज आपल्यापाशी.

काम कसं केलं ते मुद्दाम सांगतो, कारण असं काम दुकानातही होत नाही. आधी बॅटरीची ऋण तार सोडवली. धन बाजूची जाड तार थेट बॅटरीवरून घेतली आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी बसवला, म्हणजे तार कुठेही घासली तरी आग लागायच्या आत फ्यूज जाईल. पत्र्याच्या भोकात रबरी कडं घातलं. डिकीतला रंग खरवडून पत्रा चकचकीत केला आणि तिथे अर्थिंग घट्ट आवळलं. (खरवडलेली जागा छोटी आहे. पायपुसण्याखाली झाकली जाते.) राहिली अँप्लिफायर चालू करणारी बारीक तार. ती पुढे रेडिओपर्यंत न्यायची असते. पण डिकीतच मागच्या दिव्यांच्या तारा होत्या, ऋण तार परत जोडून, किल्ली फिरवून त्यांतल्या एकीला टेस्टर लावला तर पेटला. तिलाच जोडली. रेडिओ लावताच असा आवाज आला की बाबा दचकले. बाबा आवाजाने दचकले, भावोजी! मी बायकोकडे फक्त पाहिलं.

भाषणाच्या दिवशी मात्र घरापाशी नुसती खरखर. शेजारच्या गोदामाच्या पत्र्यांमुळे असेल, म्हणून गाडी मोकळ्या मैदानावर न्यायला काढली, तर अँप्लिफायर साफ मुका. मैदानावर पोचलो तरी मुका. रेडिओच्या स्वतःच्या बारीक आवाजात निवेदकाने भाचीचं नाव घेतल्याचं मला कसंबसं कळलं, बाबांना तेही नाही. "लागलं का रे?" एवढंच ते विचारत होते. शेवटी हार मानून घरी परतायला गाडी मागे घेतली, आणि भाची कडाडली. आता थांबलो तर पुन्हा बंद पडेल, या धास्तीने मी थांबलोच नाही. भाषण संपेपर्यंत मैदानाला उलट्या फेऱ्या मारल्या. फुटबॉल खेळणाऱ्यांनी आधी शिव्या घातल्या, मग खेळ सोडून बघत बसले. बाबांनी एक शब्द चुकवला नाही. शेवटी म्हणाले, "आता कळून मला काय उपयोग? पण पोरगी घाबरली नाही हो."

एवढं फिरून एक ठिणगी नाही, तार गरम नाही, फ्यूज शाबूत. आपल्या मेहुण्याच्या हाताला आता तरी यश द्यावं.

ताईला नमस्कार, भाचीला शाबासकी.

आपला,
मेहुणा

ता. क. : मेकॅनिक म्हणतो, ती बारीक तार जोडली ती गाडी रिव्हर्समध्ये असतानाच पेटणाऱ्या दिव्याची निघाली. घरापुढे उतार असल्याने मी गाडी नेहमी रिव्हर्स गिअरमध्येच उभी करतो, म्हणून तिथे सगळं चाललं. एरवी माझ्या कामात त्याला दोष सापडला नाही. (खिडकीतून मागे बघून वळलेली मान मात्र अजून उजवीकडेच आहे.)

ता. क. २ : भाचीला पुन्हा बोलावलंय, विषय हिरड्या. बाबा म्हणतात, हा विषय आपल्याही कामाचा आहे. ते तारेला कुणाला हात लावू देत नाहीत आणि आतापासूनच पुढच्या सीटवर जाऊन बसतात. आपण महिनाअखेरीस गाडी न्यायला येणार होतात. यायचं जरूर करा, पण परत आगगाडीने जा. बाबांना गाडीतून उतरवायचं धैर्य माझ्यात नाही, आणि आपण सासऱ्यांना उतरवाल असं मला वाटत नाही.