जमादाराची डबी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ता. २० मार्च १९८३

ती. नागम्मा अक्कास,
संगप्पाचा शि. सा. शरणार्थ वि. वि.

तुझं पत्र उस्मानाबाद फिरून आलं. अक्का, जिल्हा होऊन सात महिने झाले, आता पत्त्यावर 'जि. लातूर' लिहीत जा. नळाला चार दिवसांआड पाणी येतं, पण जिल्हा आमचा स्वतःचा आहे.

निलंग्याला गौरम्मा आणि बाळ दोघी खुशाल आहेत. लग्नाच्या नवव्या वर्षी लेक झाली, मी हवेत आहे. अडचण एकच. मूल झालं तर घरातला पोपट सोडून देईन, असा नवस तुझ्या भावजयीने सिद्धेश्वराला बोलला होता. नवस बोलताना तिने मला विचारलं नाही आणि देवालाही माझं मत कळवलं नाही. अक्षय तृतीयेला बाळाला घेऊन आली की ती आपल्या हाताने जमादाराचा पिंजरा उघडणार.

अक्का, नऊ वर्षं या घरात आम्हा दोघांशिवाय तिसरं बोलणारं कोणी असेल तर तो जमादार. मला तो सोडवत नाही, हे तुला सांगायला लाज कसली? तुझा राघू गच्चीवरून उडून परत येतो, ती विद्या मला कळव. नवस पिंजरा उघडायचा आहे. पाखराने परत येऊ नये असं कुठे ठरलंय?

गौरम्माला यातलं काही लिहू नकोस. दाजींना सांगितलंस तरी चालेल, ते विसरतात.

रागावलीस तरी उत्तर पाठव.
तुझा,
संगप्पा

नांदेड, ता. २ एप्रिल १९८३

चि. संगप्पास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

देवाला फसवायला निघालास तो निघालास, वर शिकवणीला बहीण पाहिजे! तुझ्या वाट्याचं पाप माझ्या नावावर पडू नये म्हणून सोमवारचा उपास धरला आहे.

आता नीट वाच. नऊ वर्षं पिंजऱ्यात बसून त्याच्या पंखांत जोर उरलेला नसेल. आधी दारं-खिडक्या लावून खोलीतच उडव. पत्र्याच्या डबीत डाळ घालून वाजव आणि हातावर आला की लगेच दोन दाणे दे. सकाळी उपाशीपोटी शिकव. पोट भरलेलं पाखरू आणि जेवलेले तुझे दाजी, दोघांनाही हाक मारून उपयोग नसतो.

पायाला दोरा बांधू नकोस, हिसका बसला तर पाय मोडेल. उंचावरून खाली उतरणंही पाखराला शिकावं लागतं. आधी फळीवरून, मग जिन्यावरून उतरव. नाहीतर पहिल्याच दिवशी झाडाच्या शेंड्यावर बसेल आणि खाली कसं यायचं म्हणून तिथेच ओरडत राहील. वारा असला किंवा घार फिरताना दिसली तर त्या दिवशी सुट्टी. आणि डबीचा आवाज म्हणजे जेवण, हे एवढंच त्याच्या डोक्यात बसव.

दाजींना सांगितलं. ते विसरले.

सांभाळून कर, बाबा. पाखरू गेलं तर रडायला माझ्याकडे येशील, आणि इथेही पाण्याची बोंबच आहे.
तुझी,
अक्का

लातूर, ता. २८ एप्रिल १९८३

ती. अक्कास,
शि. सा. शरणार्थ वि. वि.

अक्का, जमला! पहिले आठ दिवस जमादार भांड्यांच्या फळीवर आपटत होता, त्यात दोन कपबश्या गेल्या. त्या मांजराने फोडल्या असं ठरलंय. पुढे गच्चीवर नेला तर लिंबावर चढून दोन तास बसला. तू लिहिलंस तसंच, उतरताच येईना. आता मात्र डबी वाजली की लिंबावरून थेट माझ्या मनगटावर. काल पाच वेळा आला.

शेजारच्या लक्ष्मम्माने देवळात सांगितलं म्हणे की, बायको माहेरी गेल्यापासून संगप्पाच्या डोक्यात फरक पडून राहिलाय, भर उन्हात गच्चीवर डबडं वाजवत राजा-राजा करतो. मी खुलासा केला नाही.

तूर पिकली नाही म्हणून घरामागची अमृतरावांची डाळमिल पौषापासून बंद आहे. त्यामुळे डबीचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत जातो. दुष्काळाचा कोणाला उपयोग झाला असेल तर मला. डबीत मी तूरडाळच घालतो. लातूरचा पोपट आहे, हरभऱ्याला तोंड लावत नाही.

माया आहेच, या खेपेला थोडं कौतुकही कर.
तुझा,
संगप्पा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
लातूर, ता. २४ मे १९८३

ती. अक्कांस,
गौरम्माचा शि. सा. शरणार्थ वि. वि.

तुमच्या भावाला लिहायला तोंड नाही, म्हणून मी लिहिते. तुमचं पत्र मला गादीखाली सापडलं. शिकवणी छान आहे.

अक्षय तृतीयेला पूजा करून मी पिंजरा उघडला. जमादार लिंबावर जाऊन बसला. ह्यांनी सदऱ्याआडून डबी काढली. नेमका अमृतरावांनीही तोच मुहूर्त धरला होता. गुलबर्ग्याहून दोन ट्रक तूर आली होती. नारळ फुटला, पट्टा फिरला आणि पत्र्यावर डाळ कोसळायला लागली. इकडे एक डबी, तिकडे हजार. जमादाराने मान वाकडी करून ऐकलं आणि मिलवर गेला, तिथून पलीकडे दिसेनासा झाला.

ह्यांनी डबी इतकी हलवली की झाकण उडालं. मग पायरीवर बसून रडले. लेक झाल्याचं कळलं तेव्हाही मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मलाही राहवलं नाही.

बाळाला खांद्यावर टाकलं आणि मिलमध्ये गेले. घडीभर पट्टा थांबवा म्हटलं. अमृतराव म्हणाले की, मुहूर्तावर मिल बंद केली तर वर्ष वाईट जातं, बाई. मी म्हटलं, ह्या वर्षाचं आता आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय? त्यांनी पट्टा थांबवला. हमाल पोती खाली ठेवून उभे राहिले. सगळी गल्ली गप्प झाली. ह्यांनी तळाला उरलेले दहा-बारा दाणे वाजवले. बराच वेळ गेला. मग मिलमागच्या पिंपळावरून जमादार आला आणि ह्यांच्या डोक्यावर बसला.

हे डोळे पुसत लगबगीने पिंजरा आणायला आत गेले. पिंजरा मी मिलमध्ये जातानाच वाटेतल्या भंगारवाल्याला दिला होता.

आता जमादार रोज सकाळी पट्टा फिरला की मिलवर जातो. दुपारी जेवणाच्या सुट्टीला मिल थांबते, तेव्हा हे डबी घेऊन गच्चीवर उभे राहतात. तो आल्याशिवाय घास गिळत नाहीत. अक्का, नवस मी बोलले होते, पण फेडतात हे, रोज.

बाळाला आशीर्वाद द्या, आणि तुमच्या शिष्याला रागावू नका.
तुमची,
गौरम्मा