पुठ्ठा पाठव, मी बघते

३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार आधीच घेऊन टाक, कारण पुढे सगळा ओरडा आहे.

बऱ्याच महिन्यांनी लिहितेय, मान्य. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे दुकानात छतापर्यंत गेलेत आणि मशीनवरून मान वर काढायला फुरसत नाही. फोन करावा तर तुझ्या कानांची ती तऱ्हा. खोक्यांच्या कारखान्यात जन्मभर यंत्रापाशी उभा राहून निम्मं ऐकू येणं घालवलंस, आणि उरलेलं निम्मं तू सोयीनं ऐकतोस. म्हणून लेखी देते, म्हणजे 'ऐकलंच नाही' म्हणायला नको.

काल तुझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला. बर्फ मागायला तुझ्याकडे आल्या होत्या म्हणे, तर फ्रीजरमध्ये बर्फाला जागाच नव्हती. गोठवलेल्या एग रोलची खोकी एकावर एक रचलेली! दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. हृदय थकलंय, मीठ जास्त गेलं की अंगात पाणी साचणार, आधी पायात आणि मग छातीत, आणि पुढच्या वेळी दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. मी घरी येऊन रडले होते. तू मात्र रिक्षात बसून बाहेरच्या पाट्यांचे रंग बघत होतास.

वहिनी होती तोवर मला घोर नव्हता. ती मीठ चिमटीत धरून घालायची आणि तू कुरकुरलास तरी ऐकायची नाही. आता ती नाही. आईबाबा केव्हाच गेले. मला बारकी म्हणणारा तू एकटा उरलायस, आणि तुला काही झालं तर मी काय करू, सांग.

रोल सोड असं म्हणत नाही. तुला अंडं उकडायला सांगितलं तरी भांडं जळतं, हे मला ठाऊक आहे. पण निवडून आण. पुढच्या चित्राला भुलू नकोस, मागचा तक्ता बघ. सोडियम म्हणजे मीठ, ते किती. चरबी किती. आत भाजी आणि कोंबडी आहे की नुसतं पीठ. नाहीच कळलं तर पुठ्ठा कापून पाठव, मी बघते.

रागावले असले तरी लोभ आहे. तसाच तुझाही असू दे.

तुझी,
बारकी

*

११ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. चार पानं! पोस्टमननं जास्तीचे पैसे कसे मागितले नाहीत कोण जाणे.

तुझ्या हुकमाप्रमाणे काल दुकानात गेलो. फ्रीजरची काचेची दारं उघडली की चष्म्यावर वाफ धरते, म्हणून चष्मा काढून कारखान्यातलं जुनं भिंग लावलं. तिथल्या मुलीला वाटलं, मी तपासणी करणारा साहेब आहे. तिनं घाईघाईनं फरशी पुसली.

आता खोक्यांबद्दल. एकावर शेत छापलंय, हिरवंगार, आणि वर 'हलकाफुलका'. छपाई काय सुंदर! चार रंग असे एकावर एक बसलेत की केसभर हललेले नाहीत. मागे वळवलं तर तेल पहिल्या ओळीत. वरून कीर्तन, आतून तमाशा. दुसऱ्यावर 'चरबी कमी' असं लिहिलंय, पण अक्षरांच्या कडा फाटल्यात, असल्या छपाईवर मी तरी विश्वास ठेवत नाही. तिसरं साधं, तपकिरी, कोबी आणि कोंबडीचं. आणि एक मजा. तिन्हींच्या नावात एग आहे, पण आत काय काय घातलंय ते भिंग लावून वाचलं तरी मला अंडं सापडेना. म्हणजे आपल्या मामांसारखं झालं. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणायचे आणि ते जन्मात कोर्टाची पायरी चढले नाहीत.

तिन्ही पुठ्ठे कापून सोबत पाठवतोय. पाय ठीक आहेत. संध्याकाळी मोज्याची खूण उठते, पण मोजेच घट्ट आहेत.

उत्तर सविस्तर लिही. घाईत दोन ओळी खरडू नकोस.

तुझा,
दादा

*

१७ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. मोज्याची खूण वाचली आणि माझा जीव टांगणीला लागला. मोजे घट्ट नसतात दादा, पाय सुजतात. सकाळी उठल्या उठल्या नडगीवर बोट दाबून बघ. खड्डा राहिला तर तडक डॉक्टरांकडे जा.

पुठ्ठे कापडाच्या टेबलावर पसरून बसले. गिऱ्हाईक आलं तरी उठले नाही. आमचे हे म्हणाले की बायकोनं शिवणकाम सोडून रद्दीचा धंदा काढलेला दिसतोय.

शेतवाला बाद. तेलात तळून गोठवलेला आहे आणि मीठ इतकं की खारवलेले मासे बरे. 'चरबी कमी'वाला पण बाद. चरबी काढली आणि चव यावी म्हणून मीठ ओतलंय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. या दोघांच्या तक्त्यात आकडे चार रोलचे दिलेत, म्हणजे पुरुषमाणसाचं एक जेवण. तपकिरी खोक्याचा आकडा बघितला आणि जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी दिवसभराचं जेवढं मीठ सांगितलंय, त्याच्या पावसुद्धा नाही! कोबी, गाजर, कोंबडी, तेल बेताचं. हाच घे, डोळे मिटून घे.

ओव्हनमध्ये भाज, तळायचं नाही. आतली सॉसची पुडी न फोडता टाकून दे, तिच्यात निव्वळ मीठ असतं. सोबत काकडी, टोमॅटो चिरून घे, वरून लिंबू पिळ. चार खा, पाचवा नको. आणि बोट दाबून काय दिसलं ते उलट टपाली कळव. तोवर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

काळजीनं अर्धी झालेली,
बारकी

*

२ मार्च

चि. बारकीस,

आशीर्वाद, आणि अर्धी झाली असशील तर दुपटीनं आशीर्वाद. तुझं पत्र स्वयंपाकघरात खिळ्याला लावलंय. रोज चार रोल, ओव्हनमध्ये. पाचव्याकडे बघतसुद्धा नाही. सॉसच्या पुड्या टाकतो, शप्पथ. काकडी चिरताना एकदा बोट कापलं, ते तुझ्या नावावर.

वरच्या बाई विचारत होत्या की अजून रोलच खाता का. त्यांना म्हटलं, बहिणीनं पास केलाय.

बूट जरा आवळतात, चामडं आखडलं असेल. आडवं पडलं की छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं, म्हणून हल्ली आरामखुर्चीतच झोपतो. तिथे झोप झकास लागते. बोट दाबून बघायचं राहिलं, उद्या बघतो.

दुकानात एक नवीन खोकं आलंय, पालकाचं. त्याचा पुठ्ठा पाठवतोय. बघ आणि लिही, घाई नाही. पण लिही.

तुझा आज्ञाधारक,
दादा

*

२३ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. सुखरूप पोचले.

तुझं ते आरामखुर्चीचं पत्र इथे दारात पडलं होतं. ते पोचलं तेव्हा मी तुझ्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते आणि आत तुझ्या छातीतलं पाणी उतरवायची धडपड चालली होती. वरच्या बाईंनी धापेचा आवाज ऐकून दार वाजवलं नसतं तर? दादा, मी हा विचार करते आणि अर्ध्यावर सोडते. पुढे जाववत नाही.

तिथे असताना बोलले नाही, ते आता लिहिते. तुला घरी आणायच्या आदल्या दिवशी मी फ्रीजर रिकामा करत होते. तपकिरी खोकं अख्खं हातात आलं. झाकणाच्या पट्टीवर बारीक अक्षरात छापलं होतं की मागच्या तक्त्यातले आकडे एका रोलचे आहेत. एका! तू पाठवलेल्या पुठ्ठ्याला ती पट्टीच नव्हती. मी बाकीच्या दोघांसारखा हाही चारांचा हिशेब धरला. म्हणजे जवळजवळ दिवसभराचं मीठ तू एका बैठकीत खात होतास, वर फ्रीजमध्ये सापडलेलं ब्रेड आणि चीज वेगळं. आणि ते खा म्हणून मीच सांगितलं. दोन इंच कापड घ्यायचं तरी मी तीनदा मापते, आणि तुझ्या जिवाचं माप घेताना मला विचारायचं सुचलं नाही.

वरच्या बाईंना तू सांगितलंस, बहिणीनं पास केलाय. हे मला सारखं ऐकू येतं. काल एका गणवेशाच्या दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या.

आता डॉक्टरांनी रोल साफ बंद केलेत. डबेवाल्या बाई बिनमिठाचं पाठवतील, तेवढंच खा. माझं ऐकू नकोस.

माफ कर म्हणायला तोंड नाही,
बारकी

*

३० मार्च

चि. बारकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि आधी डोळे पूस. कागदावर डाग पडलेत, शाई पसरलीय. असली छपाई मी कारखान्यातून बाहेर जाऊ दिली नसती.

पट्टी मी कापली. खोकं हातात आलं की पहिल्यांदा झाकणाची पट्टी कापून टाकायची, हा आमचा कारखान्यातला रिवाज. तिच्यावर गोंद असतो, ती रद्दीत जाते, नमुना म्हणून पाठवायचा तो फक्त चेहरा, म्हणजे पुढचा-मागचा छापील पुठ्ठा. हात आपोआप चालला. वाचलीसुद्धा नाही. तेव्हा चूक वाटून घ्यायची असेल तर मोठा वाटा थोरल्याचा.

आणि एक सांगतो. समोर असतीस तर सांगता आलं नसतं. तुझी वहिनी गेल्यावर तुझी पत्रं आली ती दोन ओळींची. 'बरा आहेस ना, काळजी घे.' तुझा दोष नाही, दुकान आहे, घर आहे. मग हे रोल निघाले आणि चार पानं आली. माझे पाय, माझे मोजे, माझा फ्रीजर, सगळ्यावर तू भांडलीस. घरात कुणीतरी माझ्यावर ओरडतंय असं वाटलं. खरं तर महिन्याभरात मला त्या रोलांचा वीट आला होता. पालकवालं खोकं मी खायला आणलंच नव्हतं, नुसता पुठ्ठा पाठवायला आणलं होतं. छाती भरायची तेव्हाही डॉक्टरांकडे जायच्या आधी तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो. म्हातारपणी अक्कल गहाण पडते ती अशी.

आता डबा येतो. अळणी, पण गरम. त्याला पुठ्ठा नसतो, तक्ता नसतो, विचारण्यासारखं काहीच नसतं.

तू लिहिशील ना?

दादा

*

४ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र काल आलं. काल लिहिता आलं नाही, अक्षर दिसेना.

आज सकाळी मशीनची सुई मोडली. आमचे हे टाचण्यांच्या उशीवर बसले आणि दुपारी उभ्यानं जेवले. मी हसले म्हणून माझ्याशी अबोला आहे. समोरच्या बेकरीवाल्यानं नवीन पाटी लावलीय. पिवळा रंग अक्षरांच्या बाहेर ओघळलाय, तू असतास तर दुकानात शिरून भांडला असतास. नळ गळतोय. एक बाई स्कर्ट सैल करायला टाकून गेल्या आणि तासाभरानं परत आल्या, म्हणाल्या, राहू दे, मीच बारीक होते. पायांची सूज विचारायची नाही असं ठरवलं होतं, पण विचारतेच. किती आहे? खरं लिही.

बाकी विशेष काही नाही, म्हणूनच लिहिलं. उद्याही विशेष काही घडेल असं दिसत नाही, तेव्हा उद्याही लिहीन.

तुझी,
बारकी