बोटभर नळी

बाबा, आज दुपारी तुमच्या गाडीखाली झोपून आले. पाठीची माती न झटकताच लिहायला बसले आहे.

मारेगावच्या रस्त्यावरचं आपलं गॅरेज मला नेहमी अर्धवट झोपेतल्यासारखं आठवतं. कापसाच्या गाड्या संथ जात राहायच्या, उडालेला एखादा पुंजका तुमच्या केसांत अडकायचा. जुन्या पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरआधी धूर साफ करणारा डबा असतो. तो चोंदला की गाडी ओढत नाही. तुम्ही तो कापून काढायचात आणि तिथे सरळ पाइप वेल्ड करायचात. डब्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी निघे. मी शाळेतून येते, ती जाळी डोळ्याला लावते, आणि पलीकडचं शेत, बैल, तुम्ही, सगळं बारीक बारीक घरांत थरथरू लागतं. मी विचारते, "हे काढल्यावर धूर कुठं जाते?" तुम्ही म्हणता, "हवेत जाते. हवा लय मोठी हाये बेटा."

पुढे मी गॅरेजपासून चार दुकानं सोडून धूर तपासणीचं केंद्र टाकलं. पहिल्याच महिन्यात केळापूरच्या एका मास्तरांची गाडी नापास केली. ते तडक तुमच्याकडे गेले. मी मागोमाग आले आणि दाराबाहेरच थांबले.

"तुमच्या पोरीनं तुमचंच काम नापास केलं," मास्तर म्हणाले.

तुम्ही चिंधीनं हात पुसत राहिलात. "मशीन खोटं बोलत नाही न मास्तर. अन् पोरगीबी नाही."

घरी मात्र आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. जेवताना मीठसुद्धा स्वतः उठून घ्यायचात.

मग एका सकाळी तुम्ही स्वतःची गाडी घेऊन केंद्रावर आलात. इस्त्रीचा सदरा घातलेला, आणि रांगेत चौथे. त्या गाडीचा डबा तुम्ही कधीच काढून टाकलेला होता, तो सरळ पाइप मी लहानपणापासून पाहत होते. "तपासून दे," तुम्ही म्हणालात. चार लोकांसमोर तुम्हाला पुन्हा नापास करणं मला होईना. तपासणीची नळी हातभर आत घालावी लागते. मी बोटभरच घातली, म्हणजे मशीनमध्ये बाहेरचीच हवा जावी. गाडी पास झाली. तुम्ही माझ्या हाताकडे पाहत होतात. चेहरा उतरला तुमचा. मला वाटलं, उन्हात उभं राहून थकलात.

"नळी पुरी घालत जाय बेटा," एवढंच बोललात, कागदाची घडी खिशात घातलीत आणि निघून गेलात. मी ते रागावणं समजले. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यापासून झाकून ठेवलेली तुमची गाडी या महिन्यात पुन्हा चालू केली, आणि आज मुकुटबनहून येताना ती खालून खडखडू लागली. घरी आणून खाली शिरले, तर सरळ पाइप नव्हताच. त्याच्या जागी डबा होता, दोन्ही टोकांना तुमच्या हातचं वेल्डिंग, माशाच्या खवल्यांसारखं एकसारखं. तुम्ही प्रत्येक कामावर पांढऱ्या रंगानं तारीख टाकायचात, तशी इथंही होती. गाडी घेऊन केंद्रावर गेले आणि त्या दिवसाची जुनी नोंद काढली. डब्यावरची तारीख तुम्ही रांगेत उभे राहिलात त्याच्या दोन दिवस आधीची होती.

मग गाडी चांगली गरम होऊ दिली आणि नळी हातभर आत घातली. आकडे हळूहळू चढले, थांबले. पास. शेजारी कुणी नव्हतं. मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले, जणू तुम्ही अजून इस्त्रीच्या सदऱ्यात मागे उभे आहात.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, टाकणारही नाही. नवऱ्याला मी इतकी वर्षं सांगत आले, की बापाच्या मायेपायी आयुष्यात एकदाच खोटं केलं. बाबा, ती माया नव्हती. तुम्ही बदलला असाल असं मला वाटलंच नव्हतं.